मिस्त्री, गाडी रात्री ओरडते!

पावसाळा लागला की माझ्याकडे दोन प्रकारची पत्रं येतात, वायपरची आणि सायरनची. वायपरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा. या खेपेला सायरनची इतकी पत्रं आली आहेत, की दुसरं काही घेतलं तर ती मंडळी दुकानावर मोर्चा आणतील. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. त्यात माझीच फजिती आहे आणि ती अर्धवट सांगण्यात मजा नाही.

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. आमची छोटी पेट्रोल गाडी २०१६ सालची. घेतानाच शोरूमवाल्यांनी बाहेरचा अलार्म बसवून दिला होता. इतकी वर्षं कधी तक्रार नव्हती, पण यंदा जूनपासून रात्री दोन ते पाचच्या मध्ये सायरन सुरू होतो. आठवड्यातून दोन-तीनदा तरी, आणि सोमवारी पहाटे तर ठरलेलाच. सोमवारी आमच्या गल्लीतून बाजाराचे टेम्पो जातात, त्याने होत असावं असा आमचा अंदाज. ह्यांना लुंगीवर तीन जिने उतरून जावं लागतं. सोसायटीच्या फलकावर नाव न घेता सूचना लागली आहे, आणि नाव सगळ्यांना कळलं आहे. एका मेकॅनिकने रिमोट बदलून दिला, फरक शून्य. दुसरा म्हणतो अख्खा सेट बदला. माझं माहेर कोल्हापूरचं. तिथे गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते आणि तिथे हा सायरन एकदाही वाजलेला नाही. बाकी गाडी छान आहे. सकाळी सेल्फ जरा रेंगाळतो, पण तो पावसामुळे असेल. मी शिक्षिका आहे, शाळा घरापासून दोन किलोमीटरवर. झोपेचं खोबरं झालं आहे. काय करू?
— एक शिक्षिका, सांगली

उत्तर : बाई, (शिक्षिकेला ताई म्हणायला माझी जीभ वळत नाही, पट्ट्या खाल्लेल्या आहेत) तुमचं पत्र आलं तेव्हाच तुम्ही माहेरी येणार होतात, म्हणून गाडी दुकानात आणायला सांगितलं. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. हे बाकीच्या वाचकांसाठी.

आधी एक गोष्ट. अलार्मच्या डब्याला स्वतःची अक्कल नसते. डॅशबोर्डच्या खाली काळ्या टेपने बांधून ठेवलेला, साबणाच्या वडीएवढा डबा तो. त्याच्याकडे पाच-सहा वायरी येतात. एक दारांच्या स्विचकडून, एक बॉनेटकडून, एक डिकीकडून, एक शॉक सेन्सरकडून (गाडीला बसलेला धक्का ओळखणारी डबी), एक चावीकडून आणि एक सप्लायची. गाडी लॉक झाल्यावर यांतल्या कुणीही ‘कोणीतरी आलं’ म्हटलं, की डबा सायरनला हाक मारतो. डबा स्वतः बिघडतही असेल, नाही म्हणत नाही. पण मी १९८८ पासून उद्यमनगरात वायरिंगचं काम करतोय. अलार्मचे सेट आल्यापासून बदलायला म्हणून जे आणले गेले, त्यांतले बहुतेक निर्दोष होते. डब्याला खोटी चुगली कोण करतंय ते शोधायचं असतं. हवालदार बदलून चुगलखोर सुधारत नाही.

तर मी पत्र वाचलं, आणि दोन शब्दांवर माझा डोळा अडकला : ‘जूनपासून’ आणि ‘पत्र्याचं शेड’. पावसात उभी राहिली तर वाजते, शेडमध्ये वाजत नाही. म्हणजे ओल. म्हणजे बॉनेटचा पिन स्विच, बॉनेट उघडलं की डब्याला खबर देणारा दट्ट्या. मी चहा संपायच्या आत निदान करून मोकळा झालो. बाई गाडी घेऊन आल्या, बॉनेट उघडलं, तर पिन स्विच खरंच गंजलेला. दट्ट्या दाबला तर वर यायला कुरकुरतोय. आणखी काय पुरावा हवा? नवा स्विच टाकला, टेम्पोची शंका राहू नये म्हणून शॉक सेन्सरही थोडा मंद केला. जाता जाता बॅटरीला मीटर लावला. १२.६ व्होल्ट. म्हटलं, बॅटरी टणटणीत आहे बाई, निर्धास्त झोपा.

बाई सांगलीला गेल्या. तीन रात्री शांतता. त्यांचा आभाराचा निरोप आला, तो मी घरात दोनदा वाचून दाखवला.

सोमवारी पहाटे चार वाजता सायरन.

मग मी ते पत्र पुन्हा काढलं आणि या वेळी चष्मा लावून वाचलं. बाईंनी सगळं लिहिलं होतं, मीच पाहिलं नव्हतं. सकाळी सेल्फ रेंगाळतो. शाळा दोन किलोमीटर. सोमवार. आणि माहेर कोल्हापूर, म्हणजे पन्नासेक किलोमीटर सलग चालून आलेली गाडी. शेडचा काही संबंध नव्हता. माहेरी गाडी वाजत नव्हती, कारण माहेरी येईपर्यंत बॅटरी पोटभर जेवलेली असायची. माझ्या दुकानात आली तेव्हाही ती जेवूनच आली होती. पंगतीतून उठलेल्या माणसाला मी विचारलं, भूक लागलीय का? तो काय सांगणार.

बॅटरीचा मीटर कधी लावायचा, याला मीटरइतकीच किंमत आहे. गाडी नुकती चाललेली असेल तर बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा फुगून दिसतो. खरा आकडा रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा. त्यातही दार उघडलं की आतला दिवा लागतो, गाडीचे कॉम्प्युटर जागे होतात. म्हणून बॉनेटचा खटका ओढून दार लावून घ्यायचं, रिमोट हातात ठेवायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि मग मोजायचं. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली की बॅटरी नावापुरती आहे असं समजा. (इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर दोष बॅटरीचा नाही, तिला चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या बाजूचा.) बाईंच्या गल्लीतल्या वायरमनला मी फोनवर हे समजावलं. सकाळी सहाला त्याने आकडा सांगितला : ११.८.

आता ११.८ वर सायरन का वाजावा? बाईंच्या गाडीतल्या सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी आहे. चोराने बॉनेटमध्ये हात घालून वायर कापली तरी सायरन गप्प बसू नये, म्हणून ही सोय. बाहेरून येणारा सप्लाय पडला की त्याला वाटतं, वायर कापली. पहाटेपर्यंत रात्रभराची गळती (उभी गाडीही बॅटरीतून थोडा करंट पीत असते) झालेली असते, शिवाय तीच रात्रीतली सगळ्यात गार वेळ, आणि गारठ्यात बॅटरी आणखी मान टाकते. म्हणून दोन ते पाच. रविवारी शाळा नाही, गाडी दिवसभर उभी, म्हणून सोमवार. टेम्पोवाल्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली.

बॅटरी पाच वर्षांची होती, ते एक कारण. पण पाच वर्षांची बॅटरी मेमध्येही पाच वर्षांचीच होती, मग जूनमध्ये काय झालं? मी बाईंना विचारलं, मेच्या सुट्टीत गाडीला काही नवीन लावलं का? नाही म्हणाल्या. सीट कव्हर? नाही. हॉर्न? नाही. ‘भाच्याने समोरच्या काचेला तो कॅमेरा लावलाय तेवढाच, पण त्याचा अलार्मशी काय संबंध?’

तोच संबंध. भाचा हुशार. गाडी उभी असतानाही कॅमेऱ्याने पहारा द्यावा म्हणून त्याने वायर कायम सप्लाय असलेल्या फ्यूजवर घेतली होती. वायरमनने बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर ओळीत लावून गळती मोजली. (मीटर १० अँपिअरच्या खुंटीवर, दारं बंद, अर्धा तास थांबून. आणि मीटर तसा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही. नाहीतर मीटरचा फ्यूज जातो, स्वस्त मीटर असेल तर मीटरच जातो.) उभ्या गाडीची गळती ५० मिलिअँपिअरच्या आत असावी असा धोपटमार्गाचा हिशेब. इथे १३० निघाली, त्यातली शंभर एकट्या कॅमेऱ्याची. आकडा लहान दिसतो. पण २४ तासांनी गुणा, ३ अँपिअर-तासांच्या वर जातो, आणि ती बॅटरी नवी असताना ३५ ची होती. पाच वर्षांनी तिच्यात किती उरलं असेल ते देव जाणे. दोन किलोमीटर शाळेत जाऊन दोन किलोमीटर परत आल्यावर, वायपर आणि पंखा चालू असताना, ही तूट भरून निघत नाही. रोज थोडी उधारी. रविवारी उधारी डबल.

कॅमेऱ्याची वायर चावीवर चालणाऱ्या फ्यूजवर हलवली, बॅटरी नवी टाकली. सायरन गप्प आहे. या खेपेला मी पाच आठवडे थांबून मगच हे लिहितोय. पिन स्विचचे अडीचशे रुपये मी परत करायला काढले, आणि बाईंनी ते घेतले. शिक्षिकाच त्या.

ज्यांच्या गाड्या अजून ओरडताहेत त्यांनी सेट बदलायच्या आधी एक वही करावी. वाजला ती वेळ, वार, पाऊस होता का, आदल्या दिवशी गाडी किती चालली, गेल्या दोन महिन्यांत गाडीला काय नवीन लावलं. आणखी एक : बऱ्याच सेटमध्ये सायरन वाजून गेल्यावर रिमोटने लॉक काढलं की डॅशबोर्डवरचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, किंवा नेहमीपेक्षा वेगळ्या संख्येने बीप वाजतात. ती चुगलखोराची खूण असते. कोणत्या संख्येचा अर्थ दार आणि कोणत्याचा बॉनेट, हे प्रत्येक सेटचं वेगळं. ती पातळ पुस्तिका, जी आपण ग्लोव्ह बॉक्समध्ये टायरच्या बिलाखाली ठेवतो, तिच्यात असतं. एवढं करून कळलं नाही, तर एका वेळी एकच संशयित बाजूला काढा. आज रात्री शॉक सेन्सरचा कपलर (वायरींचा प्लग) काढून झोपा. वाजला, तर सेन्सर निर्दोष. कपलर परत लावा, उद्या बॉनेट स्विचची वायर. दोन गोष्टी एका रात्रीत करू नका. मी केल्या, आणि तीन रात्री स्वतःची पाठ थोपटत बसलो.

प्रश्न : मिस्त्रीसाहेब, जोराचा पाऊस झाला की तासा-दोन तासांनी आमच्या गाडीचा सायरन वाजतो. गाडी धुतली तरी तेच. ऊन पडलं की आठवडाभर काही नाही. बॅटरी चार महिन्यांपूर्वीच नवी टाकली आहे.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : दादा, सांगलीच्या बाईंच्या गाडीत मला जो रोग दिसला होता तो खरा तुमच्या गाडीत आहे. उघड्यावरची गाडी आणि चिपळूणचा पाऊस, त्यात पिन स्विच किती दिवस कोरडा राहील?

बॉनेट उघडा. कडेच्या पट्टीवर, बहुधा बॅटरीच्या किंवा फेंडरच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढा उभा दट्ट्या दिसेल. बॉनेट बंद झालं की तो दाबला जातो आणि सर्किट तुटतं. बॉनेट उघडलं की तो वर येतो आणि वायर बॉडीला टेकते, म्हणजे अर्थ (विजेचं अर्थिंग) मिळतो. डबा या अर्थची वाट बघत असतो. आत पाणी आणि चिखल गेला की दट्ट्या दाबलेला असतानाही थोडा अर्थ गळतो, आणि डब्याला वाटतं बॉनेट उघडलं. स्विचची वायर काढा, मीटर बझरवर ठेवून स्विचची पिन आणि बॉडी यांच्यात धरा. दट्ट्या दाबला की आवाज थांबायला हवा. ओल्या स्विचमध्ये बझर वाजणारही नाही, पण ओहमवर आकडा दिसतो. तोही आकडा दिसायला नको.

साफ करून पुन्हा बसवू नका. नवा टाका, दोन-अडीचशेची वस्तू आहे. खाली रबरी बूट चढवा, दट्ट्याला ग्रीसचं बोट लावा. आणखी एक बघा : बॉनेटच्या कोपऱ्यातले रबरी बफर वर सरकले असतील तर बॉनेट दट्ट्याला नीट दाबतच नाही. टेकतं न टेकतं. मग खड्ड्यातून येताना किंवा वाऱ्यानेही वाजतो. बफर फिरवून जागेवर आणा. दट्ट्यावर मळलेल्या कणकेची गोळी ठेवून बॉनेट लावा, उघडा आणि गोळी किती चेपली बघा. (ही युक्ती माझ्या वस्तादांची. ते कणीक घरून डब्यात आणायचे.)

नवा स्विच मिळेपर्यंत वायर काढून टेप मारून ठेवा. बॉनेटचा पहारा गेला तरी दारांचा चालू राहतो. मात्र हे बाहेरून बसवलेल्या सेटचं झालं. कंपनीतून अलार्म लागून आलेल्या गाड्यांत हा स्विच बहुतेक वेळा बॉनेटच्या लॉकमध्येच असतो, आणि त्याचा कपलर काढला तर गाडीचा उलटाच समज होऊ शकतो. तिथे हात घालू नका. आणि वॉशिंगवाल्याला सांगा, पाण्याची बंदूक बॉनेटच्या आत मारायची नाही. तो ऐकणार नाही. तरी सांगा.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा आहे. मुलगा मला गाडीत बसवून, रिमोटने गाडी लॉक करून औषधं आणायला गेला. उकडायला लागलं म्हणून मी आतून दार उघडलं तर सायरन! लोक जमले. मी चोर नाही हे मला सिद्ध करावं लागलं. गाडी नवीकोरी आहे. बिघाड कसला?
— एक ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर : आजोबा, बिघाड गाडीत नाही. रिमोटने लॉक झालं की गाडीच्या लेखी आत कोणी नाही. मग आतून उघडलेलं दारही तिला फोडलेलंच वाटतं. आतमध्ये हालचाल ओळखणारा सेन्सर असलेल्या काही गाड्यांत तर तुम्ही रुमाल काढलात तरी वाजेल. मुलाला सांगा, माणूस आत असेल तर रिमोट वापरायचा नाही. आतल्या बटणाने लॉक करायचं आणि चावी तुमच्या हातात द्यायची. पुन्हा असं झालंच तर चावी लावून इग्निशन ऑन करा, बहुतेक गाड्या गप्प होतात. आणि उन्हात बंद गाडीत बसून राहू नका. औषधाच्या दुकानात खुर्ची असते.

प्रश्न : रिमोट चालेना म्हणून चावीने दार उघडलं की सायरन सुरू. कधी कधी तर रिमोटने लॉक काढून, पिशव्या उचलून दारापर्यंत येते तोवर गाडी परत आपोआप लॉक झालेली असते. मग दार ओढलं, चावी लावली की पुन्हा सायरन. भुताटकी आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : भुताटकी नाही ताई, ती गाडीची शिस्त आहे. रिमोट चुकून खिशात दाबला जाऊन गाडी उघडी राहू नये, म्हणून लॉक काढल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात दार उघडलं नाही तर ती स्वतःहून परत लॉक होते आणि पहारा सुरू करते. आधी पिशव्या उचला, मग बटण दाबा.

चावीने उघडल्यावर सायरन वाजणं हेही बऱ्याच गाड्यांत ठरवूनच केलेलं असतं. रिमोटने लावलेला पहारा रिमोटनेच उतरतो. घाबरून दार परत लावत बसू नका. सरळ आत बसा, चावी फिरवून इग्निशन ऑन करा.

आता रिमोट. सेल बदलला का? बहुतेक रिमोटमध्ये रुपयाच्या नाण्यासारखा सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा. बाहेरून बसवलेल्या जुन्या सेटच्या रिमोटमध्ये करंगळीच्या टोकाएवढा १२ व्होल्टचा सेल येतो. दोन्ही स्वस्त. पूर्वी पंधरा पावलांवरून चालणारा रिमोट आता दाराला टेकवावा लागत असेल तर सेलच. पण एका ठरावीक जागीच चालत नसेल, आणि शेजारच्या चौकात चालत असेल, तर रिमोट ठीक आहे. त्या जागी दुसरी कुठली तरी लहर आडवी येते. आपल्याकडचे बरेचसे रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात आणि त्या पट्ट्यात गर्दी असते.

प्रश्न : गणपतीत आमच्या गल्लीत ढोल सुरू झाले की रांगेतल्या सगळ्या गाड्या एकदम आरती म्हणतात. दिवाळीत लवंगी फुटली तरी तेच. शेजारच्या गाडीचा सायरन रात्रीही वाजतो आणि मालक उठत नाही. तिची वायर कापली तर गुन्हा होतो का?
— एक त्रस्त वाचक, ठाणे

उत्तर : होतो. आणि वर सांगितलं तसं, सायरनच्या पोटात बॅटरी असेल तर कापल्यावर तो जास्तच ओरडेल. तुम्ही हातात पकड घेऊन उभे आणि गॅलऱ्यांत माणसं. कल्पना करा.

तुमच्या स्वतःच्या गाडीचं आधी बघू. ढोल-फटाक्यांचा दोष शॉक सेन्सरकडे जातो. डॅशबोर्डच्या खाली काडेपेटीएवढी डबी असते, तिच्यावर एक बारीक स्क्रू आणि एक दिवा. गाडीच्या काचेजवळच्या खांबावर मुठीने टकटक करा, दिवा लागतो. स्क्रू थोडा थोडा मागे फिरवत जा, साध्या टकटकीला दिवा लागेनासा होईपर्यंत आणि दणक्याला लागेल इथपर्यंत. पूर्ण बंद करू नका, मग काच फोडली तरी कळणार नाही. स्क्रूला हात लावण्याआधी डबी हलवून बघा. निम्म्या गाड्यांत ती दुतर्फा चिकटपट्टीवर असते. दोन उन्हाळे गेले की पट्टी सुटते, डबी वायरीला लोंबकळते आणि कोणी शिंकलं तरी झुलते. तिला केबल टायने धातूच्या पट्टीला आवळून बांधलं की अर्धं काम होतं.

शेजाऱ्याबद्दल. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. सायरनच्या खोक्यावर १२० वगैरे आकडा अभिमानाने छापलेला असतो. म्हणजे तक्रार करायला आधार आहे. पण मी म्हणेन, आधी वाजल्याच्या वेळा लिहून चिठ्ठी त्याच्या वायपरखाली ठेवा. चेष्टा नाही. मालक झोपलेला असतो, त्याच्या मेकॅनिकला वेळ सांगणारं कोणी नसतं, आणि वेळ कळल्याशिवाय रोग सापडत नाही. ती वही तुमच्याकडे आहे. त्याच्यापेक्षा तुम्ही जास्त जागे असता.

प्रश्न : सायरन काढूनच टाकला तर विम्यात अडचण येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पॉलिसी काढून बघा. एआरएआयने (गाड्यांची तपासणी करणारी पुण्याची संस्था) मान्य केलेल्या चोरीविरोधी यंत्राबद्दल गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, अशी सवलत असते. ती तुम्ही घेतली असेल तर यंत्र काढल्याचं कंपनीला कळवा. घेतली नसेल तर प्रश्न नाही. पण चावीतल्या चिपवर चालणारा, परक्या चावीने इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर आणि सायरन या वेगळ्या वस्तू आहेत. सायरन काढताना कोणी इमोबिलायझरच्या वायरीत पकड घातली, तर गाडी टो करून आणावी लागेल.

आमच्या काळी अँबॅसेडर आणि फियाटला यांतलं काहीच नव्हतं. आम्ही सीटखाली एक गुपचूप बटण लावून द्यायचो. ते बंद असलं की सेल्फ फिरायचा, पण कॉइलला करंट जायचा नाही. चोर दमून निघून जायचा. कधी कधी मालकही बटण विसरून दमायचा आणि आम्हाला बोलावणं यायचं.

प्रश्न : मिस्त्रीकाका, मी आठवीत आहे. बाबांनी सायरन बंद व्हावा म्हणून बॅटरीची काळी वायर काढली. तरी सायरन वाजतच राहिला आणि दहा मिनिटांनी बंद पडला. वायर परत लावली तर पुन्हा सुरू! बॅटरी नसताना तो वाजला कसा?
— एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : बाळा, वर सांगलीच्या बाईंचं उत्तर वाच, त्यात अर्धं आहे. सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी आहे. बाबांनी वायर काढल्यावर त्याला वाटलं चोर आला, आणि ती छोटी बॅटरी संपेपर्यंत तो ओरडला. वायर परत लावल्यावर डबा जागा झाला, आणि झोपण्याआधी तो ‘पहाऱ्यावर’ होता एवढंच त्याला आठवलं. म्हणून पुन्हा. वायर लावताना रिमोट हातात हवा होता, लावल्या लावल्या बटण दाबायचं.

बाबांनी काळी वायर आधी काढली हे मात्र अगदी बरोबर केलं, त्यांना सांग. लाल आधी काढताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते.

आणि एक काम कर. बॉनेटमध्ये त्या सायरनच्या पाठीमागे रबरी टोपण दिसतं का बघ. त्याखाली चावीचं बारीक भोक असतं, तिथून तो बंद करता येतो. चावी गाडी घेतली तेव्हा मिळाली असेल, शिलाईच्या डब्यात किंवा देव्हाऱ्याच्या खणात असेल. छोटी, सायकलच्या कुलपाच्या चावीसारखी, आणि ती कशाची आहे हे घरात कोणालाच माहीत नसेल. सापडली की मला कळव.